बारमाही डोंगर हवाय? मग डोंगराच्या जरा अलीकडे राहा

आधी प्रश्न थोडक्यात सांगते. पुण्यात आयटीत काम करणारं जोडपं, दोघांनाही घरून काम करायची मुभा, प्राथमिक शाळेतली मुलगी, सोबत सत्तरी ओलांडलेले वडील. नवरा मूळचा बेळगावला लागून असलेल्या चंदगड तालुक्यातला, त्यामुळे आमच्याच भागाकडे ओढा. पळणं, सायकल, गड चढणं, थोडंफार प्रस्तरारोहण आणि जमलं तर पाण्यातले खेळ, हे सगळं वर्षाचे बारा महिने करता येईल असं डोंगरातलं गाव त्यांना हवंय. त्यांच्या यादीत आंबोली, कणकुंबी-चोर्ला, जांबोटी, खानापूर आणि दांडेली. यांतलं आदर्श कुठलं, असं विचारलंय.

माझं उत्तर: राहायचं झालं तर बेळगाव शहराच्या पश्चिमेला, हिंडलगा-बेळगुंदी-किणये-पिरनवाडी या पट्ट्यात. दुसरी पसंती खानापूर. यादीतली बाकीची गावं जायला आहेत, राहायला नाहीत. मी बेळगावची, आणि लोकांना डोंगरात नेऊन सुखरूप परत आणणं हे माझं रोजचं काम. त्यामुळे हे मत हौशी माणसापेक्षा जरा कोरडं वाटेल. चालेल.

लोक डोंगरातलं गाव निवडतात ते ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात बघून. गवत सोनेरी, हवा स्वच्छ, ओढ्यांना पाणी, चिखल नाही. त्या आठवड्यात या भागातलं कुठलंही गाव स्वर्गच दिसतं. तुमची अट मात्र ‘बारमाही’ ही आहे, आणि तिथे गावाची परीक्षा जुलैमध्ये होते. जुलैत सकाळी सहाला बूट घालून बाहेर पडता येतं का, सलग चार दिवस घराबाहेर हालचाल करता येते का, घरी आल्यावर कपडे वाळतात का, वीज आहे का, हे बघायचं. जुलैत उत्तीर्ण झालेलं गाव बाकीचे महिने सहज सांभाळून घेतं.

आंबोलीला वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. बेळगाव शहरात हाच आकडा बाराशे-तेराशे. पूर्वेला गोकाककडे सरकलात की पाचशे-सहाशेवर येतो. आंबोली ते गोकाक रस्त्याने सव्वाशे-दीडशे किलोमीटर. एवढ्या अंतरात पाऊस दहा-बारा पटींनी उतरतो. समुद्रावरून आलेलं ओलं वारं सह्याद्रीच्या कड्याला धडकून वर चढतं, थंड होतं आणि सगळं पाणी कड्याच्या माथ्यावरच ओतून मोकळं होतं. पलीकडे उतरताना त्याच्यात फारसं काही उरत नाही. म्हणून कणकुंबीत छत्री उलटी होत असते तेव्हा बेळगावात भुरभुर असते आणि सौंदत्तीला ऊन.

बेळगाव या उताराच्या बरोबर मधोमध आहे. समुद्रसपाटीपासून साधारण साडेसातशे मीटर उंच, म्हणजे आंबोलीपेक्षा थोडं वरच. थंडीसाठी डोंगरावर जायलाच हवं हा समज इथे खोटा ठरतो. शहरातून तासा-दीड तासात पश्चिमेला घनदाट रान, तेवढ्याच वेळात पूर्वेला कोरडा खडकाळ माळ. तुमच्या ‘बारा महिने’ या अटीचं उत्तर मला यातच दिसतं. ऋतू बदलला की गाव बदलायचं नाही, फक्त गाडीचं तोंड फिरवायचं. जे कड्याच्या माथ्यावर राहतात त्यांना ही सोय नाही. आंबोलीहून जुलैत कोरडी जागा गाठायची तर आधी धुक्यातून घाटमाथा पार करावा लागतो, आणि तो रस्ता कधी झाड पडून बंद असतो.

आता पावसाळ्यात इथे नक्की काय करता येतं ते सांगते, कारण बाहेरून येणाऱ्यांना तेच कळत नाही. त्यांना पावसाळा म्हणजे धबधबा वाटतो. आमच्यासाठी पावसाळा म्हणजे सकाळची पळापळ. कॅम्पातले, म्हणजे लष्करी छावणीतले, वडा-पिंपळाच्या सावलीचे रस्ते, टिळकवाडीचा झाडीने भरलेला व्हॅक्सिन डेपोचा परिसर, येळ्ळूरजवळचा राजहंसगड. पावसाची उघडीप इथे रोज मिळते, तासभर का होईना. राजहंसगडाचा चढ सायकलवाल्यांचा आवडता. शहरातून निघून गड चढून ऑफिसच्या आधी घरी परतता येतं. शिवरायांचा मोठा पुतळा २०२३ मध्ये झाल्यापासून सुट्टीच्या दिवशी गर्दी असते, म्हणून मंगळवार-बुधवार साधा. रस्ता ओला असताना वळणांवर जपा. तांबडी माती वाहून रस्त्यावर येते आणि त्यावर सायकलचं चाक कसं घसरतं ते कळेपर्यंत माणूस आडवा झालेला असतो.

शनिवार-रविवारी मात्र पूर्वेला जायचं. गोकाकचा धबधबा घटप्रभेवर, ५२ मीटर उंचीचा. गंमत बघा, आंबोलीत उगम पावणारी हिरण्यकेशी गोकाकच्या अलीकडे घटप्रभेला मिळते. म्हणजे आंबोलीत पडलेला पाऊस तुम्ही गोकाकच्या कोरड्या दगडावर उभं राहून बघता. आंबोलीत तोच पाऊस बघायला गेलात तर धुक्यात गाड्यांची रांग दिसेल. जाताना संकेश्वरजवळचा वल्लभगड, किंवा उलट्या दिशेने सौंदत्तीचा डोंगर आणि परसगड. हे गड कमी उंचीचे आहेत, पण जुलैत कोरड्या पायाने चढता येतात, आणि मुलीला घेऊन जायला उत्तम.

प्रस्तरारोहणाचं आधीच सांगून टाकते, कारण तुम्ही ते शेवटी भीत भीत लिहिलंय. बेळगावच्या पश्चिमेला चढण्यासारखा खडक जवळजवळ नाही. आहे तो जांभा, म्हणजे हातात तुटून येणारा, नाहीतर शेवाळलेला कातळ. चढायचं तर पूर्वेला वालुकाश्म. बदामी दीडशे किलोमीटरच्या आत आहे आणि तिथल्या लाल भिंतींवर देशभरातून लोक येतात, दोर अडकवायला बोल्ट मारलेले मार्ग आहेत. हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पाऊस पडून गेल्यावर लगेच जाऊ नका. वालुकाश्म ओला असताना कमकुवत असतो, पकडी तुटतात, आणि तुटलेली पकड पुन्हा उगवत नाही. दुसरी भीती आग्यामोहोळाची. भिंतीच्या वर पोळं दिसलं तर तो मार्ग त्या दिवशी विसरायचा, आरडाओरडा करायचा नाही, धूर करायचा नाही, सेंट मारून यायचं नाही.

थंडीत पश्चिमेकडे वळा. तुमच्या चंदगड तालुक्यातले गड तुम्हाला मी काय सांगू, पण मुलीला क्रम लावून दाखवायचा तर आधी महिपाळगड: देवरवाडीच्या वैजनाथावरून वर जा, गडावर वस्ती आहे, शाळा आहे, घाबरण्यासारखं काही नाही. मग गंधर्वगड आणि कलानंदीगड. पारगड शेवटी. तो १६७६ सालचा, तानाजीपुत्र रायबा मालुसऱ्यांकडे त्याची किल्लेदारी होती आणि त्यांचे वंशज आजही गडाशी नातं राखून आहेत. पारगडच्या कड्यावरून खाली तिलारीचं खोरं आणि गोव्याच्या बाजूची रानं दिसतात. डिसेंबरच्या सकाळी बेळगावात पारा बारा-चौदापर्यंत उतरतो, कधी त्याहूनही खाली. सायकलवर हातमोजे लागतात. बेळगुंदी, तुडये, राकसकोपचा वळसा या दिवसांत सगळ्यात छान. शिवारात मसूर-वाटाण्याचा हिरवा तुकडा, कुठे रताळी काढणं चाललेलं, आणि रस्त्याला गाड्या कमी. राकसकोप हे शहराच्या पिण्याच्या पाण्याचं धरण आहे, तिथे पोहायला उतरायचं नाही. दरवर्षी कुणीतरी विचारतंच म्हणून लिहिलं.

उन्हाळा तुम्हाला वाटतो तेवढा वाईट नाही. एप्रिलमध्ये दुपारी पस्तीस-छत्तीस अंश होतात, पण संध्याकाळी पाचनंतर पश्चिमेचं वारं सुटतं आणि रात्री खिडकी उघडी ठेवून झोपता येतं. सकाळी साडेपाच ते साडेआठ हा तुमचा वेळ, दुपार लॅपटॉपची. मुलीला पोहायला शिकवायचं असेल तर हेच दिवस. आमच्याकडे पोरं तरणतलावात कमी आणि विहिरीत जास्त शिकतात, पाठीला डबा बांधून. जबाबदार माणूस काठावर हवा आणि दोर पाण्यात सोडलेला हवा, एवढी अट पाळा. शहरात तलावही आहेत, पण विहिरीच्या थंड पाण्याची सर त्याला नाही. पाण्यातले मोठे खेळ हवेत तर दांडेली-गणेशगुडी. काळी नदीवरचं राफ्टिंग सुपा धरणातून वीजनिर्मितीसाठी सोडलेल्या पाण्यावर चालतं, म्हणून उन्हाळ्यातही प्रवाह मिळतो पावसाळ्यात मात्र ते बंद असतं. जाण्याआधी त्या दिवशी पाणी सोडणार आहेत का ते विचारून घ्या. समुद्रही तीन तासांत येतो, गोव्याचा किंवा वेंगुर्ल्याचा.

एप्रिल-मेमध्ये धोका उन्हाचा कमी आणि वळिवाचा जास्त. सकाळी निरभ्र आकाश, दुपारी तीनला पूर्वेकडे काळे ढग, चारला विजा. चोर्ल्याच्या बाजूचे सडे, म्हणजे जांभ्याचे उघडे सपाट माथे, या वेळी अगदी वाईट जागा. तिथे तुमच्यापेक्षा उंच काहीच नसतं. मी माझ्या लोकांना दुपारी दोनच्या आत सड्यावरून खाली आणते, आकाश कितीही निळं असलं तरी. ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात, पाऊस परतताना, हाच नियम पुन्हा लागू होतो.

आता ज्या भागासाठी तुम्ही एवढे आतुर आहात, त्या खानापूरच्या रानाबद्दल. इथे जरा थांबून वाचा.

खानापूर तालुक्याचा पश्चिम भाग म्हणजे नद्यांचं माहेर. मलप्रभा कणकुंबीत माउली देवळापाशी उगम पावते आणि पूर्वेला कृष्णेकडे जाते. म्हादई याच तालुक्यात देगावच्या रानात उगम पावते आणि पश्चिमेला गोव्यात मांडवी होऊन समुद्राला मिळते. या रानाचा मोठा तुकडा म्हणजे भीमगड वन्यजीव अभयारण्य, २०११ मध्ये जाहीर झालेलं, सुमारे १९० चौरस किलोमीटर. बारापेडेच्या गुहा त्यातच आहेत, जिथे रॉटनचं वटवाघूळ राहतं. जगात ते मोजक्याच ठिकाणी सापडतं. वज्रपोहा धबधबा जांबोटीजवळ गवाळीच्या रानात. नकाशावर हे सगळं पायवाटांनी जोडलेलं दिसतं, कुणीतरी जीपीएसचे मार्गही टाकून ठेवलेले असतात. त्या मार्गांवर जाऊ नका. अभयारण्यात परवानगीशिवाय पाऊल टाकणं हा गुन्हा आहे, आणि पावसाळ्यात वनखातं आणि पोलीस खानापूरच्या धबधब्यांकडे जाणारे रस्ते अडवतात. दंड होतो, गाड्या परत पाठवतात. याला कारण आहे. दर पावसाळ्यात सेल्फीच्या नादात पोरं वाहून जातात आणि मग दोन-दोन दिवस गावकऱ्यांना शोधत फिरावं लागतं.

कायदेशीर रस्ता असा: वनखात्याच्या आखलेल्या वाटा आणि हेम्माडग्यासारखी निसर्गशिबिरं. परवानगी लागते तिथे ती आधी काढा. २०२४ च्या जानेवारीत कर्नाटकातल्या कुमारपर्वत शिखरावर हजारोंची गर्दी उसळली, त्यानंतर कर्नाटक सरकारने ट्रेकिंगवर निर्बंध आणले आणि ऑनलाइन नोंदणी सुरू केली. तेव्हापासून ‘आम्ही नेहमी इथूनच जातो’ हे उत्तर चालत नाही. दूधसागरला रेल्वे रुळांवरून चालत जाण्याचंही तसंच. बंदी आहे, रेल्वे पोलीस पकडतात. मला स्वतःला हे निर्बंध पटतात. माझ्या धंद्याला त्रास होतो तरी पटतात. भीमगडच्या रानात वाघ, बिबट्या, अस्वल, गवा, रानकुत्री, सगळं आहे. ते रान पळायच्या शर्यतीसाठी नाही.

अस्वलाबद्दल लोक बेफिकीर असतात म्हणून मुद्दाम सांगते. खानापूरच्या रानात माणसावर हल्ला होतो तो बहुतेक वेळा अस्वलाचा, वाघाचा नाही. अस्वलाला दिसतं कमी, आणि अचानक समोर आलं की ते पळण्याऐवजी अंगावर येतं. म्हणून रानाच्या कडेने एकट्याने आणि कानात इअरफोन घालून पळायचं नाही. बोलत चाला, काठी आपटत चाला, पहाटेच्या अंधारात आणि तिन्हीसांजेला तिकडे जाऊ नका. चंदगड-आजऱ्याच्या बाजूला गेल्या वीस-पंचवीस वर्षांत दांडेलीकडून आलेले हत्तीही फिरतात. सायकलवर असताना रस्त्यात हत्ती दिसला तर फोटो काढायचा नाही, मागे फिरायचं.

याहून छोटा पण जास्त खरा धोका गोचिडांचा. माकडताप, म्हणजे क्यासनूर फॉरेस्ट डिसीज, १९५७ साली शिमोग्याकडच्या क्यासनूर रानात पहिल्यांदा ओळखला गेला. गेल्या दशकात तो गोव्यातल्या सत्तरीत आणि सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग-बांद्याच्या बाजूला काजूच्या बागांत काम करणाऱ्यांमध्ये दिसला. हे सगळे भाग आमच्या घाटाच्या खालच्या अंगाला लागून आहेत. हंगाम साधारण डिसेंबर ते मे, म्हणजे नेमका ट्रेकिंगचा. पूर्ण बाह्या, पँट मोज्यात खोचलेली, पालापाचोळ्यावर बसणं नाही, घरी आल्यावर कपडे गरम पाण्यात आणि अंग नीट तपासणं, विशेषतः मुलीचं. माकड मेलेलं दिसलं तर जवळ जायचं नाही आणि आरोग्य केंद्राला कळवायचं. रानातून आल्यावर आठवडाभरात जोराचा ताप आला तर डॉक्टरांना ‘रानात गेलो होतो’ हे न विसरता सांगायचं. पावसाळ्यातल्या जळवांना मात्र कुणी घाबरू नये. मीठ, नाहीतर तंबाखूचं पाणी, आणि थोडा संयम.

सापांचं गणितही राहण्याच्या जागेशी जोडलेलं आहे. आपल्याकडे मिळणारं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर चालतं. घाटमाथ्याच्या ओल्या रानात चापडे असतात, त्यांच्या विषावर ते उपयोगी पडत नाही. सुदैवाने चापड्याचा दंश सहसा जीवघेणा नसतो, पण दवाखान्यात जावंच लागतं. कणकुंबीहून बेळगावचं मोठं रुग्णालय पंचेचाळीस-पन्नास किलोमीटर. जुलैच्या रात्री, धुक्यात, गोव्याच्या ट्रकांमागून. वडील सत्तरीत आहेत, हे लक्षात घेऊन तुम्हीच ठरवा. माझ्या मते हा एकच मुद्दा कणकुंबी आणि चोर्ला यादीतून काढायला पुरेसा आहे. चोर्ल्याचा रस्ता अरुंद आहे, शनिवार-रविवारी गोव्याला धावणाऱ्या गाड्यांनी भरलेला असतो, आणि पावसात त्यातले खड्डे पाण्याखाली असतात. सायकल तिथे फक्त आडवारी, सकाळी लवकर.

नदी ओलांडण्याबद्दल दोन शब्द, कारण जांबोटीकडे भटकताना हा प्रसंग येणारच. तुमच्या डोक्यावर ऊन असतानाही मलप्रभेला किंवा ओढ्याला पूर येऊ शकतो, कारण पाऊस वर कणकुंबीत पडतोय. पाणी एकाएकी तांबूस होणं, पानं आणि काटक्या वाहून यायला लागणं, आवाज घोगरा होणं, यांतलं एकही दिसलं-ऐकलं तर ओलांडायचं नाही. पलीकडे अडकलात तर तिथेच बसा, बहुतेक ओढे पाऊस थांबल्यावर काही तासांत उतरतात. उपाशी बसल्याने कुणी मरत नाही. हब्बनहट्टीचं मारुतीचं देऊळ दर पावसाळ्यात मलप्रभेच्या पाण्यात बुडतं, ते एकदा लांबून बघून या, मग गुडघाभर पाण्यात उतरायची हौस आपोआप कमी होते.

महाबळेश्वर, पाचगणी असली नावं तुमच्या यादीत नव्हती याचा आनंद झाला. आंबोलीबद्दल वर लिहिलंय. जांबोटी राहायला कणकुंबीपेक्षा खूप बरं, शहराच्या जवळ, पण शाळा आणि नेट या दोन गोष्टींवर अडेल. दांडेली सुंदर आहे, धनेश बघायला गणेशगुडीसारखी जागा नाही, पण ते उंचीने बेळगावच्या खाली असल्याने उन्हाळा घामट, आणि काळी व्याघ्र प्रकल्पाच्या कडेला असल्यामुळे मनाला येईल तेव्हा रानात पळायला जाता येत नाही. सुट्टीसाठी उत्तम.

खानापूर मात्र विचार करण्यासारखं. बेळगावपासून सव्वीस किलोमीटर, रस्ता चौपदरी झाल्यापासून अर्धा-पाऊण तास. रेल्वे स्टेशन गावात, लोंढा जंक्शन जवळ. पाऊस बेळगावपेक्षा जास्त, पण जगण्याला आडवा येण्याइतका नाही. सकाळी मलप्रभेच्या काठाने असोग्याच्या रामलिंगापर्यंत चालत जाता येतं. शाळा, किराणा, दवाखाना, सगळं आहे, आणि बाजारात मराठी चालते. ज्यांना शहराचा गोंगाट नकोच आहे त्यांना मी खानापूर सांगते. तुम्हाला बेळगाव सांगितलं ते वडिलांमुळे आणि मुलीच्या शाळेमुळे, शिवाय तुमच्या कामामुळे. सांबऱ्याला शहराचं विमानतळ आहे, पुण्याला २०२४ पासून हुबळी-पुणे वंदे भारत आहे, महामार्ग आहे. महिन्यातून एकदा ऑफिसने बोलावलं तर अडणार नाही. वडिलांना रोज सपाट, सावलीची, गप्पा मारायला माणसं मिळतील अशी फिरायची जागा लागेल. व्हॅक्सिन डेपोत सकाळी गेलात तर त्यांच्या वयाचे लोक घोळक्याने भेटतील, आणि ‘बसा की जरा’ म्हणून थांबवतील.

जमिनीबद्दल विचारलंत. कर्नाटकाने २०२० मध्ये भूसुधारणा कायदा बदलला, त्यामुळे शेतकरी नसलेल्यालाही शेतजमीन घेता येते. महाराष्ट्रात तसं नाही, तिथे शेतकरी असल्याचा पुरावा लागतो. तुमच्याकडे चंदगडचा सातबारा आहे म्हणजे दोन्हीकडे वाट मोकळी, पण घाई करू नका. पश्चिम घाटाच्या पर्यावरण-संवेदनशील क्षेत्राच्या मसुद्यात खानापूर आणि चंदगडची बरीच गावं आहेत. केंद्राने तो मसुदा २०२४ च्या जुलैत सहाव्यांदा काढला. भीमगडच्या भोवतीचे निर्बंध वेगळे. ‘फार्म हाऊस प्लॉट, धबधबा व्ह्यू’ अशी पाटी दिसली की आधी आरटीसी उतारा, म्हणजे कर्नाटकातला सातबारा, मागा, रस्ता कागदावर आहे का बघा, आणि वनखात्याची हद्द कुठून जाते ते सर्व्हेअरकडून मोजून घ्या. सरकारी कागद कन्नडमध्ये असतात. इथे मराठीत जन्मभर राहता येतं, पण उतारा वाचण्यापुरती आणि कंडक्टरशी बोलण्यापुरती कन्नड शिकून घ्या, मुलगी तर शाळेत शिकेलच. सीमाप्रश्न तापला की दोन्हीकडच्या बस हद्दीवर थांबतात. अशा दिवशी कोल्हापूरला जायचं असेल तर पुढे ढकला, बाकी रोजच्या जगण्यात याचा त्रास होत नाही.

जमीन घेण्याआधी अकरा महिने भाड्याने राहा, आणि करार जूनपासून सुरू करा. दिवाळीत घर बघू नका, दिवाळीत सगळीच घरं चांगली असतात. जुलैच्या दुसऱ्या पंधरवड्यात या, आठ दिवस सुट्टी न घेता इथूनच काम करून बघा. नेट किती वेळा गेलं, इन्व्हर्टर किती वेळ टिकला, दोघांपैकी कितीजण सकाळी खरोखर पळायला बाहेर पडले, वहीत लिहून ठेवा. घर बघताना पश्चिमेच्या भिंतीला आतून हात लावा, इथला पाऊस तिकडूनच मारतो. भिंतीला नवा रंग दिसला तर कपाट सरकवून मागे बघा, तिथे सहसा रंग मारलेला नसतो.